आडातली कपार

आडाच्या तळाशी पूर्वेकडं एक कपार होती. आमच्या घरात तिच्यात फक्त माझाच खांदा बसायचा, म्हणून उन्हाळाभर मला आडात सोडायचे. यात माझं कौतुक काही नाही. नवऱ्याचे खांदे रुंद, दीर पंधराचा असून त्याच्याहून रुंद, सासऱ्याची कंबर वाकत नव्हती आणि सासूला काठावरून खाली बघितलं तरी गरगरायचं. माझ्या आधी नवऱ्याची पहिली बायको उतरायची. ती पहिल्याच बाळंतपणात मेली, आमच्या आतल्या खोलीत. मग दुसरेपणावर मला आणली. बघायला आली तेव्हा सासूनं मला उभी केली, पाठमोरी फिरवली आणि माझ्या आईला म्हणाली, "पोरगी बारीक हाय. चांगलं हाय." आईला वाटलं, खायला कमी लागेल म्हणून म्हणत असेल.

माझं माहेर सेलूचं. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये बायलरवर लाकूड टाकायचे. मी चौथी शिकले. मराठी वाचता येतं, आणि उर्दूची अक्षरं मास्तरांनी छडीनं शिकवली होती, तीही अजून येतात. सासर झरीच्या बाजूला एका लहान गावात. राज्य निजामाचं. आमच्या गावाला सरकार म्हणजे वर्षातून एकदा घोड्यावर येणारा गिरदावर. तो यायचा, रानं बघायचा, कागदावर काही लिहायचा. त्याच्या घोड्याला आमच्याच आडाचं पाणी पाजायचे, आणि त्या दिवशी आमची गाय उपाशी नाही पण तहानलेली राहायची.

गावाच्या वरच्या अंगाला माळ होता. सासरा सांगायचा, त्याच्या लहानपणी तिथं बाभळी, बोरी, हिवर इतके दाट होते की शेळी आत शिरली तर गळ्यातल्या घंटीवरून शोधावी लागायची. मग सेलूच्या जिनिंगला लाकूड लागायला लागलं. गाड्या भरभरून गेलं. आमच्या वाटणीचा माळ सासऱ्यानंच तोडला, आणि त्यातली बाभूळ माझ्या बापाच्याच हातानं बायलरमध्ये गेली असणार. दोघांनाही मी हे कधी बोलून दाखवलं नाही. झाडं गेली तशी माळावरची माती पावसात खाली यायला लागली. वर पांढरा मुरूम उघडा पडला, त्यावर कुसळसुद्धा नीट धरत नव्हतं. खाली आमच्या काळ्या रानात घळी पडल्या. औत चालवताना बैलाचा पाय घळीत जायचा आणि नवरा घळीला सोडून बैलाला मारायचा.

आड त्याच रानात, माळाच्या पायथ्याला. दर पावसाळ्यात त्याच्यात गाळ जायचा. त्याला चार झरे होते म्हणे. तीन गाळाखाली बुजले. गाळ काढला की पुढच्या पावसात तेवढाच परत. कपारीतला चौथा झरा तळापासून गुडघाभर वर होता, म्हणून वाचला. आमची पाच माणसं, दोन बैल आणि एक गाय त्या एका झऱ्यावर होती.

काम असं चालायचं. ऊन चढायच्या आत आडावर जायचं. आधी पेटता कंदील दोरीनं खाली सोडायचे. तो विझला नाही तर मग मी. चऱ्हाटाला एक लाकडी फळी बांधलेली, तिच्यावर बसून मी सहा परस खाली जायची. परस म्हणजे हात वर करून उभा असलेला माणूस, तशी सहा माणसं एकावर एक. वरून आड रुंद, पण खाली खडकात इतका अरुंद की दोन्ही हात पसरता यायचे नाहीत. तळाला पोटरीभर चिखल. कपारीत उजवा खांदा घालून, मान वाकडी करून कुशीवर पडायचं आणि करवंटीनं पाणी काढून घागरीत टाकायचं. करवंटी लगेच भरत नसे. थांबावं लागे. तिथं थांबणं हेच मोठं काम होतं. बोललेलं वर कळत नसे, नुसतं घुमायचं. म्हणून घागर भरली की तिच्यावर खड्यानं दोनदा ठोकायचं, मग ते घागर ओढायचे. तीनदा ठोकलं की मला ओढायचं.

दोन उन्हाळे मी हे केलं. तिसऱ्या उन्हाळ्याच्या आधी मला दिवस गेले.

आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात न्यायला येतात. आठव्यात बाई हलवत नाहीत, आणि नवव्यात गाडीत घालून धक्के खायला कोण नेणार? म्हणजे सातवा चुकला की बाळंतपण सासरी, त्याच आतल्या खोलीत. पहिलीचं असंच झालं होतं. तिचा भाऊ सातव्यात आला, त्याला 'पाऊस पडू द्या' म्हणून परत लावला. हे मला गावच्या सुईणीनंच सांगितलं. वर म्हणाली, "मी काय करू बाई, घरात हात धुवायला पाणी न्हवतं." ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. मला मरायचं नव्हतं. बाकी कशाचंच मला काही वाटेनासं झालं होतं.

वडील चैत्रात आले. परभणीपर्यंत रेल्वेनं, पुढं कुणाच्या तरी गाडीतून. माझं पोट बघून हसले. मग माझी सोललेली कोपरं बघितली आणि हसायचे थांबले.

सासरा व्याह्यांना म्हणाला, "न्या की याही. आमी कुठं न्हाई म्हणलो? पण पंधरा-वीस दिस थांबा."

"पंधरा-वीस दिसानं आठवा लागतो."

"मग नवव्यात न्या. तवर पाऊस येतोच."

"आन न्हाई आला तर?"

"न्हाई आला तर हितं बाळंत हुईल. आमच्या घरी काय माणसं ऱ्हात न्हाईत?"

वडील सासूकडं वळले. "इहीणबाई, दोन जीवांच्या बाईला पाण्याकडं फिरकू देत न्हाईत. साती आसरा असतेत पाण्यात. आन तुमी तिला आडात सोडायलात?"

सासू ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आसरा भरल्या आडात असतेत, याही. आमच्या आडात त्यायला पाय बुडवायला बी पाणी न्हाई."

सासरा मोठ्यानं हसला. दीर हसला. नवरा खांबाला टेकून सुपारी कातरत होता, तो सुपारीच कातरत राहिला.

वडिलांची रजा संपली होती. जाताना मला म्हणाले, "सातवा सरायच्या आत आणखी एकदा येतो. तवर काहीतरी हुईल." काय होईल ते त्यांनाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, "या."

ते गेल्यावर चौथ्या दिवशी मी कपारीत अडकले. खांदा आत गेला, चार करवंट्या काढल्या, आणि बाहेर येताना पोट खडकाच्या कडेला अडकलं. पुढंही जाईना, मागंही येईना. करवंटी हातातून सुटली. डाव्या हातानं चिखलात खडा शोधला आणि घागरीवर तीनदा ठोकलं. फळीवर बसलेली नसताना ओढून काही उपयोग नव्हता, पण निदान कुणी तरी आवाज देईल, दीर खाली येईल. काही झालं नाही. परत तीनदा ठोकलं. मग मोजायचं सोडून नुसती ठोकत राहिले.

वर कुणी नव्हतंच. एक बैल रानात बसला होता, उठत नव्हता. सगळे त्याला उठवायला गेले होते.

किती वेळ गेला सांगता येत नाही. पाणी कपारीत हळूहळू साचत माझ्या गालापर्यंत आलं. मी ते प्यायले. पोटात पोर हलत होतं. तसं पडल्या पडल्या मला झऱ्याचं तोंड दिसलं. इतके दिवस ते हाताला लागत होतं, डोळ्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. दोन बोटं मावतील एवढं भोक. एवढ्याशा भोकानं मला त्या घरात धरून ठेवलं होतं.

शेवटी छातीतला सगळा श्वास सोडला, अंग ढिलं केलं आणि चामडी सोलत बाहेर आले. फळीवर बसून राहिले. ते आले, त्यांनी ओढलं. सासरा म्हणाला, "बैल उठला," आणि मग, "घागर काहून भरली न्हाई?" सासूनं माझा खांदा बघितला. घरी गेल्यावर हळद भरली. भरताना म्हणाली, "दुसरं कोण उतरंल, तूच सांग." खरंच दुसरं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खाली जाताना मी जुन्या लुगड्याची चिंधी कमरेला खोचून नेली. तळाची माती काळी, चिकट. चिंधी तिच्यात मळली आणि झऱ्याच्या तोंडात बोटभर कोंबली. सगळं एकदम बंद केलं असतं तर संशय आला असता. त्या दिवशी दोन घागरी कमी निघाल्या. वर येऊन म्हटलं, "पाणी कमी यायलंय." दुसऱ्या दिवशी आणखी कोंबली. तिसऱ्या दिवशी तोंड पूर्ण बुजवलं आणि वरून मातीचं लिंपण दिलं, चूल सारवतात तसं, बोटांनी सारखं करत. कडेनं थोडं पाझरत होतं. तिथं परत सारवलं. मग रिकाम्या घागरीवर तीनदा ठोकलं.

दिराला खाली सोडलं. त्याचा खांदा आत जाईना, पण त्यानं हात घालून चाचपलं. माझं लिंपण त्याच्या बोटांना लागलं असणार. त्याला तो खडक वाटला. वर येऊन म्हणाला, "नुसती ओल हाय. झरा गेला."

सासऱ्यानं आडात वाकून आडाला शिवी दिली. मला वाटलं होतं, आता सगळे उन्हाळ्याला नावं ठेवतील, नदीचा रस्ता धरतील आणि माझं काम संपेल. त्यापुढचा विचार मी केला नव्हता. सासू काठावर बसली होती. ती एवढंच म्हणाली, "आसरा."

"काय आसरा?" सासरा म्हणाला.

"याही सांगून गेले, मी थट्टा केली. पहिलीला बी दोन जीवांची असताना मीच सोडलं. ती गेली. आता हिला बी सोडलं. त्यायनी पाणी नेलं."

"गप. काई बी बोलायलीस."

"तुमी गप ऱ्हावा." ती सासऱ्याला असं बोललेली मी पहिल्यांदा ऐकली. "हिचा बाप आला की हिला धाडायची. एक शब्द बोलू नका." मग तिनं पायातल्या वहाणा काढल्या आणि आडाच्या काठावर ठेवल्या. "झऱ्याला पाणी येईस्तोवर मी ह्या घालणार न्हाई."

मी शेजारीच उभी होते. नखांत काळी माती होती, हात पदराखाली घेतले. बोलले असते तर तिच्या वहाणा परत पायात गेल्या असत्या आणि मी परत आडात.

वडील आले ते आठवा लागायला दोन दिवस असताना. त्यांना काही विचारावंच लागलं नाही. सासूनंच माझं गाठोडं आणून गाडीत ठेवलं.

आषाढात सेलूला मुलगी झाली. दीड दिवस लागला. पाय आधी आले. घरात पाणी भरपूर होतं. सुईणीनं तीनदा हात धुतले, मी मोजलं. सासरी असते तर मेलेच असते असं छाती ठोकून म्हणत नाही, पण मला तसंच वाटतं.

दिवाळीनंतर परत आले. पावसानं आड अर्धा भरला होता. पाणी गढूळ, पण पाणी. सासूनं नातीला मांडीवर घेतलं तेव्हा मी तिचे पाय बघितले. वैशाखापासून पाऊस लागेपर्यंत ती दिवसातून दोनदा नदीवर गेली होती, दोन कोस, तापलेल्या ढेकळांतून, कापलेल्या ज्वारीच्या धसकटांतून, अनवाणी. टाचा फाटल्या होत्या. एक धसकट आत मोडून पिकलं होतं, तेव्हापासून ती उजव्या पायाच्या कडेवर चालायची.

मी म्हटलं, "आत्याबाई, आड भरलाय की. घाला आता वहाणा."

"हे पावसाचं हाय. झऱ्याचं न्हाई. त्या यायच्या ऱ्हायल्यात अजून."

फाल्गुनात आड तळाला गेला. मग आम्ही दोघी नदीवर जायला लागलो. नदीही कोरडीच, वाळूत झिरे खोदायचे आणि वाटीवाटीनं भरायचं. आसपासच्या चार गावांच्या बायका तिथं. कुणी तरी एकदा सासूला टोचलं, "काय हो पाटलीणबाई, तुमच्या आसरा माहेरी गेल्या म्हणं?" आम्ही काही पाटील नव्हतो. तो दुसरा टोमणा.

सासू वाटी भरत म्हणाली, "सुनेसंगं गेल्या हुत्या. सून आली, त्या राहिल्या तिकडंच."

बायका हसल्या. मीही हसले, न हसून कसं चालेल.

चैत्र लागल्यावर मी घरी म्हटलं, "मला एकदा आडात सोडून बघा." सासूची दया आली म्हणून, असं लिहिलं तर बरं दिसेल. खरं असं की जाऊन-येऊन चार कोस, मुलगी कडेवर, घागर डोक्यावर, आणि डोळ्यांपुढं ती बाई पायाच्या कडेवर चालायलीय, हे मला रोज बघवेना. आडात निदान कुणी दिसत नव्हतं.

सासरा लगेच तयार झाला. सासूनं आधी काठावर सात खडे मांडले, शेंदूर लावला, हिरव्या बांगड्या वाहिल्या, भाताचा निवद दाखवला. मग मला म्हणाली, "आता तू मोकळी हायेस. आता चालंल त्यायला."

कपारीतलं लिंपण वाळून खापरासारखं झालं होतं. खड्यानं ठोकून काढलं. चिंधी तुकडे तुकडे होऊन आली. ती कमरेला खोचली. भोक मोकळं झालं आणि त्यातून काहीच आलं नाही. बोट घातलं. कोरडं. मला वाटलं, वर्षभर कोंडून मी तो मारला. मी खाली बसले. वर गेल्यावर काय सांगायचं ते जुळवायला लागले.

मग भोकाच्या खालच्या कडेला ओल दिसली. थोड्या वेळानं काळं पाणी आलं, मग गढूळ, मग नितळ. घागर भरली. मी दोनदा ठोकलं. घागर वर गेली आणि वरून सासूचा आवाज आला. वरचं बोलणं मला एवढं स्पष्ट कधी ऐकू आलं नव्हतं. "आल्या गं बाया माझ्या!"

मी वर आले तेव्हा ती वहाणा घालायचा प्रयत्न करत होती. डावी बसली. उजवी बसेना, पाय वाकडा झाला होता. दोन्ही परत काढून ठेवल्या आणि मरेपर्यंत अनवाणीच राहिली. काय झालं होतं ते मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंदील खाली सोडला, तो विझला नाही, आणि त्यामागं मी. भोक मीच मोकळं केलं होतं, आता कुणाला दोष देणार? त्यानंतर निजामाचं राज्य गेलं त्याच्या आदल्या उन्हाळ्यापर्यंत मी उतरत होते. फक्त पोटात पोर असलं की सासू मला आडाच्या काठावरही येऊ देत नसे. त्या उन्हाळ्यांत सगळं घर नदीवर जायचं, सासरासुद्धा. एवढं तिनं पाळलं. परत चिंधी न्यावी असं मनात आलं का? आलं, दोन-तीनदा. पण मुलं पाणी मागत होती.

चार पोरं झाल्यावर माझं अंग भरलं. शेवटच्या उन्हाळ्यात खांदा कपारीत जाईना. नुसता हात घालून जेवढं निघेल तेवढं काढायची. ते पुरत नव्हतं. त्याच हिवाळ्यात दिरासाठी मुली बघायला निघालो. बाहेर गडबडीचे दिवस होते, लोक गावं सोडून चालले होते. आमच्या घरात बोलणं पाण्याचंच. सासूनं मला सोबत घेतलं.

दुसऱ्या का तिसऱ्या घरी पंधरा-सोळाची पोरगी गूळपाणी घेऊन आली. सासूनं मला कोपरानं ढोसलं. "तू बघ. तुला कळतंय."

मी पोरीला उभी राहायला सांगितलं. मग पाठमोरी व्हायला सांगितलं. लुगड्यातून खांद्याची हाडं दिसत होती. मी तिथंच बसून मनात तिचा उजवा खांदा कपारीत घालून बघितला. बसत होता.

तिच्या आईनं विचारलं, "काय बघायलात, बाई?"

मी म्हटलं, "पोरगी बारीक हाय. चांगलं हाय."

आई खूश झाली. म्हणाली, "खाती बी कमी."

लग्न माघातच उरकलं, उन्हाळ्याच्या आत.